खुबा निखळणे व वाटीचे फ्रॅक्चर: उपचारसेवेबद्दल अभिप्राय

मोटारीच्या धडकेत गुडघा डॅशबोर्डवर आदळून माझ्या भावाच्या खुब्याची वाटी (कमरेच्या हाडातील खोबण) मागच्या बाजूने फुटली आणि तीत बसणारा मांडीच्या हाडाचा गोळा निखळला. त्यावर एका रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात झालेल्या उपचारांबद्दल हे लिहीत आहे. पाय आखूड झालेला व आत वळलेला दिसताच डॉक्टरांनी एक्स-रे काढला, पाऊल वर उचलता येते का हे पाहून सायटिक नस (खुब्यामागून पायात जाणारी मोठी नस) तपासली आणि भूल देऊन सांधा जागेवर बसवला. गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मृत होण्याचा धोका असल्याने हे काम शक्यतो ६ तासांच्या आत व्हावे लागते, आणि तेथील तत्परता खरोखर वाखाणण्याजोगी होती. नस पुन्हा तपासून मगच सीटी स्कॅन केला. सांध्यात अडकलेला हाडाचा बारीक तुकडा त्यातच दिसला. शस्त्रक्रियेपर्यंत पाय वजन लावून ताणून ठेवला, नंतर तुकडा काढून वाटी प्लेट व स्क्रूंनी जोडली. माहिती देण्यात मात्र विभाग कमी पडला: पायावर भार कधी टाकायचा, मांडी घालून बसणे किती काळ टाळायचे, हे डिस्चार्जच्या कागदावर नव्हतेच, खोदून खोदून विचारावे लागले. रक्तपुरवठ्याचा त्रास काही महिन्यांनीही उद्भवू शकतो, त्यामुळे पुढच्या तपासण्यांच्या तारखा येथे लेखी मागून घ्याव्यात.