36,800 रुपयांची कोटा फरशी

आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी विचारायला नको. हो, मी शिकलेला आहे. 32 वर्षं अकाउंट्समध्ये काढली. 70 रुपयांच्या रिक्षाच्या पावतीवरून माणसं परत पाठवली आहेत. आणि तरीही एका पोरानं माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर बसून 36,800 रुपये नेले. बायकोच्या हातचे पोहे खाल्ले, ते वेगळेच. वर आणखी जिरावण, म्हणजे पोह्यांवरचा आमचा इंदुरी मसाला, मागून घेतलं.

बायको म्हणते, कशाला गावभर करता. मुलगा पुण्याहून फोन करतो आणि हसतो. हसू दे. तो माणूस अजून फिरतोय, म्हणून लिहितोय.

इंदूरच्या सुदामा नगरात आमचं घर. रिटायर झाल्यावर मनासारखी एकच गोष्ट केली: चांगला स्टीरिओ ॲम्प्लिफायर, उभे दोन स्पीकर आणि सीडी प्लेअर घेतला. सेट-टॉप बॉक्सचा आवाजही लाल-पांढऱ्या पिनांची वायर टाकून त्यालाच जोडला. ख्यालगायक अमीर खाँसाहेब आमच्या इंदूरचे, त्यांचा विलंबित झूमरा, तो अतिसंथ ताल, म्हणजे दोन सुरांच्या मधली शांतताच ऐकायची असते. त्या शांततेत घूंऽऽ. अखंड. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ही घरघर 50 ची किंवा तिच्या दुपटीची, 100 ची असते. तानपुरा त्यांचा, पण आमच्या घरातला सा वीज कंपनीनं लावलेला.

टीव्हीच्या कपाटामागं वायरींचं जंगल होतं, हे मान्य. राउटरचा ॲडॅप्टर, एक्स्टेंशन बोर्ड, स्पीकरच्या वायरी, केबलवाल्याची ती पांढरी जाड वायर, सगळं एकमेकांच्या गळ्यात. मला वाटलं, यातच काहीतरी असणार. सोसायटीच्या गणपतीत साउंड लावलेल्या एका पोराचा नंबर शेजारच्यांनी दिला.

आला तो वाकून नमस्कार करत. ‘‘काका, मी पण आपलाच.’’ इंदुरात परका माणूस दारात उभा राहून शुद्ध मराठीत बोलला की आमचं अर्धं डोकं तिथंच बंद पडतं. इथं तीच चूक झाली, पण ती मला आजही चूक वाटत नाही. आपल्या माणसावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर?

त्यानं मोबाइलवर एक ॲप उघडलं आणि स्पीकरजवळ नेलं. काटा लाल. ‘‘बघा काका, केवढं इंटरफेरन्स!’’ अहो, स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं. मोबाइलमधला होकायंत्राचा सेन्सर त्याच्याजवळ नेला की काटा नाचणारच, मग घरची वीज गेलेली का असेना. हे मला आता कळलंय. तेव्हा मी मान डोलावत होतो.

त्यानं यादी केली. पाहणी 500. पॉवर कंडिशनर, म्हणजे वीज ‘शुद्ध’ करणारा काळा खोका, 14,500. ‘शुद्ध तांब्याची’ स्पीकर वायर 850 रुपये मीटरनं 10 मीटर, 8,500. अर्थिंग बॉक्स 5,500. मागच्या वायरींची बांधाबांध 3,000. एकूण 32,000. बारा आगाऊ, वीस काम झाल्यावर, दोन्ही यूपीआयवर. पक्कं बिल हवं तर म्हणाला 18 टक्के जीएसटी वर लागेल, म्हणजे 5,760. मी कच्च्या बिलावर राजी झालो. ज्या माणसानं जन्मभर इतरांची कच्ची बिलं फेकून दिली, त्यानं. 5,760 वाचवायला निघालो होतो.

आता तो क्षण, जो रात्री दोन वाजता मला उठवतो.

कपाटामागं शिरून त्यानं ‘धूळ झटकायला’ म्हणून सगळं सोडवलं. मग त्याचा काळा खोका लावला, ॲम्प्लिफायर जोडला, स्पीकर जोडले, सीडी प्लेअर जोडला. ‘‘ऐका काका.’’ ऐकलं. काही नाही. निव्वळ शांतता. माझ्या अंगावर काटा आला. खरंच सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

आणि त्याच वेळी केबलवाल्याची पांढरी वायर जमिनीवर, माझ्या पायाशी पडलेली होती. सुटी. ती त्यानं जोडलेलीच नव्हती. मी ती पाहिली. नुसती पाहिली नाही, त्याच्या येण्याजाण्यात अडथळा नको म्हणून अंगठ्यानं बाजूला सारली. ज्या वायरमुळे घरघर होती, ती माझ्याच पायाच्या अंगठ्याखाली होती.

रात्री बातम्या बघायला बायकोनं ती वायर लावायला सांगितली. मी लावली. घूंऽऽ परत. फोन केला तर म्हणाला, ‘‘काका, नव्या वायरला बर्न-इन लागतं. 200 तास वाजू द्या.’’ मी डायरीत तास लिहायला लागलो. तारीख, चालू, बंद, एकूण. सवय हो. 64 तासांपर्यंत लिहिलं.

घरघर कमी व्हायची सोडून वाढलीच, कारण त्यानं पॉवरच्या वायरी आणि लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरी एकाच काळ्या जाळीच्या नळीत घट्ट आवळून टाकल्या होत्या. दिसायला सुरेख. पाहुणे कौतुक करायचे. पॉवरची वायर आणि आवाजाची वायर शेजारी शेजारी लांबवर धावू द्यायची नसते. एकीची वाट डावीकडून, दुसरीची उजवीकडून, आणि ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात. उरलेल्या वायरीचं वेटोळं पॉवरच्या वायरीवर ठेवायचं नाही. त्यासाठी 3,000 नाही लागत, 60 रुपयांच्या व्हेल्क्रो पट्ट्या लागतात.

दहाव्या दिवशी परत आला, ‘फेज करेक्शन’ करायला. 4,800. ॲम्प्लिफायरचा थ्री पिन टॉप काढून गॅलरीत जाऊन बसला, मला चहा सांगायला पाठवलं. परत लावला तर घरघर गेली! केबल लावलेली असतानासुद्धा गेली. मी त्याला आणखी 200 रुपये बक्षीस देत होतो, घेतले नाहीत. केवढा सज्जन, असं मी बायकोला म्हणालो.

तीन आठवड्यांनी बायकोनं ओल्या फडक्यानं ॲम्प्लिफायर पुसला आणि ओरडली. हाताला झिणझिण्या.

आमच्या जुन्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं 200 रुपये घेतले आणि पंधरा मिनिटांत सगळं उघडं केलं. टॉप उघडला: आतली हिरवी वायर कापून वर काळी टेप गुंडाळलेली. अर्थिंगच तोडलेलं. मीटर लावला तर ॲम्प्लिफायरच्या पेटीवर 38 व्होल्ट. मग त्यानं केबलची पांढरी वायर ओढून काढली, मीटरचा आकडा पडला. म्हणाला, केबलवाल्याच्या लाइनवरची गळती त्या वायरीच्या जाळीतून तुमच्या घरात येते, लाल-पांढऱ्या वायरीनं ॲम्प्लिफायरमध्ये शिरते आणि त्याच्या अर्थिंगमधून जमिनीत जाते. जाता जाता गुणगुणते. याला ग्राउंड लूप म्हणतात. त्या पोरानं परतीचा रस्ता कापला, म्हणून गुणगुण थांबली आणि तोच करंट बायकोच्या हाताला लागला. उद्या आतल्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं असतं तर पेटीवर 38 नाही, 230 असते.

इथं मला हसू येत नाही. पैसे गेले ते गेले, पण हे?

उपाय? महाराणी रोडवरून एक ग्राउंड लूप आयसोलेटर आणला, 380 रुपये. सेट-टॉप बॉक्स आणि ॲम्प्लिफायरच्या मध्ये लाल-पांढऱ्या वायरीत बसतो. आत छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, आवाज पलीकडे जातो, पण दोन्ही बाजूंचं तांबं एकमेकांना जोडलेलं राहत नाही. हिरवी वायर पुन्हा जागेवर लावली. घरघर शून्य.

मग कंडिशनर फोडला. सहा सॉकेट, एक निळा दिवा, विजेचा अचानक आलेला झटका (सर्ज) शोषणारा दहा रुपयांचा एक तुकडा. आणि वजनासाठी तळाशी सिलिकॉननं चिकटवलेला कोटा फरशीचा तुकडा, वीतभर, एका कडेला सिमेंट लागलेलं. कुठल्या तरी बांधकामावरून उचललेला. 14,500. अर्थिंग बॉक्समध्ये वाळू आणि कशालाच न जोडलेला एक बोल्ट. ‘शुद्ध तांब्याची’ वायर ब्लेडनं खरवडली: वर तांब्याचा मुलामा, आत पांढरं ॲल्युमिनियम. ही एक गोष्ट सगळ्यांनी दुकानातच करा. वायरचं टोक खरवडून बघा, आणि हातात घेऊन वजन बघा. दुकानदार रागावला तर दुसरं दुकान.

ठाण्यात गेलो. दीड तास बाकावर. साहेबांनी कोटा फरशी हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली आणि शेजारच्याला दाखवली. दोघं हसले. ‘‘अंकल, सामान तो मिला ना आपको? फिर धोखा काहे का?’’ मी म्हटलं, सामान म्हणजे दगड. म्हणाले, ‘‘पैसे आपने खुद भेजे, ये सिविल मॅटर है.’’ अर्थिंग कापल्याचं सांगितलं तर विचारतात, कोणी मेलं का? म्हणजे आधी बायकोनं मरायचं, मग अर्ज घेणार. पावती मागितली तर ‘‘कल आना’’. असे चार ‘कल’ झाले. चौथ्या दिवशी टेबलावर दुसरेच साहेब, माझा अर्ज कुठं आहे त्यांना माहीत नाही, आणि फरशी परत न्यायला सांगितली, कारण ‘‘यहाँ जगह नहीं है’’.

एका हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तीन दिवसांनी मेसेज आला, तक्रार निकाली. कुणी निकाली काढली, काय निकाल लागला, काही नाही. परत फोन केला तर पलीकडची मुलगी कंपनीचं नाव विचारते. कंपनी असती तर तुला कशाला फोन केला असता, बाई! वकिलाकडे गेलो. तो म्हणाला, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे, कागद चांगले आहेत. मग विचारलं, समोरच्याचा पत्ता? कच्च्या बिलावर नुसतं नाव आणि मोबाइल नंबर. नोटीस कुठं पाठवायची? आणि वकिलाची फी 8,000. म्हणजे कोटा फरशीचा अर्धा तुकडा आणखी. मी उठून आलो.

म्हणून पक्कं बिल घ्या, 18 टक्के गेले तरी. पैसे देण्याआधी पत्ता बघा. आणि घरघर आली तर कुणालाही बोलावण्याआधी पाच मिनिटं स्वतः खर्च करा. ॲम्प्लिफायरचा सिलेक्टर दुसऱ्या इनपुटवर फिरवा. नाही गेली तर एकेक वायर काढत जा, आणि पहिली वायर केबलवाल्याची किंवा डिशची काढा. ज्या वायरीनं थांबली, तीच चोर. कुणी अर्थिंगची पिन काढायला सांगितली तर त्याला दार दाखवा, मग तो मराठी बोलो की संस्कृत.

एक सांगायचं राहिलं, आणि तेच सांगायची सगळ्यात जास्त लाज वाटते. पहिल्या दिवशी त्यानं माझा मोबाइलवर व्हिडिओ घेतला होता, नऊ सेकंदांचा. चौकडीचा शर्ट, हातात चहाचा कप, आणि मी म्हणतोय, ‘‘आवाज अगदी स्वच्छ, पैसे वसूल.’’ तो व्हिडिओ आता तो नव्या गिऱ्हाइकांना पाठवतो. गेल्या आठवड्यात तिलक नगरमधल्या एका मित्राला आला, त्यानं मला विचारलं, हा तूच ना? नीट बघितलंत तर माझ्या पायाशी ती पांढरी वायर पडलेली दिसते.