लाईट जाणाऱ्या गावात आरपीजी: किंगडम कम, विचर ३ आणि बाल्डर्स गेट ३ आठ महिने खेळून

जुलैमध्ये यूपीएसची बॅटरी गेली, तिथून हे सगळं सुरू झालं. चिपळूणला पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि त्या रात्री मी किंगडम कम: डिलिव्हरन्स या आरपीजीत, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायच्या गेममध्ये, पावणेदोन तास जंगलात डाकूंचा तळ शोधत फिरत होते, तेही सेव्ह न करता, कारण त्या गेममध्ये मधेच सेव्ह करायचं तर सेव्हियर श्नॅप्स नावाची दारू प्यावी लागते आणि माझ्याकडे एकही बाटली नव्हती. लाईट गेली. परत चालू केलं तर गेमचा नायक हेन्री रात्ताय गावच्या गिरणीत, शेवटचं सेव्ह झालं होतं तिथेच, पलंगाशेजारी उभा. खरं सांगते, रडायला आलं. बॅटरीसाठी दुकानात तीन चकरा मारल्या, बिल दाखवलं, तर म्हणे वॉरंटी यूपीएसला आहे, बॅटरीला नाही. साडेनऊशे रुपये माझ्याच खिशातून गेले, आणि ते मला अजून पटलेलं नाही.

तेव्हापासून कुठल्याही गेममध्ये मी पहिलं बघते ते सेव्ह कसं होतं. ग्राफिक्स, मॅप, फाइट हे सगळं तुम्हाला माहीत आहे, ते परत लिहीत नाही.

या एका गोष्टीत स्कायरिम (२०११) सगळ्यात सुखाचा. एफ५ दाबा, झालं, वर झोपलात किंवा दुसऱ्या गावात गेलात की आपोआप सेव्ह होतं ते वेगळंच. बाल्डर्स गेट ३ तर बोलणं चालू असतानाही सेव्ह करू देतो. सेलमध्ये घेऊनसुद्धा दोन हजारांच्या वर गेले होते, शिवाय एसएसडीवर, म्हणजे वेगवान डिस्कवर, दीडशे जीबी जागा हवी, म्हणून मी आधी कुरकुरत होते, पण ऑगस्टमध्ये माझं ठाम मत होतं की पैसे वसूल, आणि किंगडम कमवाल्यांनी यांच्याकडून शिकावं.

ते मत आता राहिलं नाही. झालं असं की बाल्डर्स गेटमध्ये फासा वाईट पडला की मी एफ८ दाबून मागे जायची. एखाद्या पहारेकऱ्याला पटवायचंय, तीन आला, एफ८, सात आला, एफ८, अठरा आला की पुढे. साठेक तासांनी लक्षात आलं की मला हवी तीच गोष्ट मी स्वतःला ऐकवतेय. तो बनवणाऱ्या लारियन कंपनीने हा गेम एवढा फांद्या फुटणारा बनवलाय की हरल्यावर काय होतं तेही लिहून ठेवलंय, आणि मी त्यातलं काहीच पाहिलं नाही.

विचर ३ मध्ये ही चलाखी चालत नाही. लढाईत सेव्ह होत नाही ते सोडा, खरी गोष्ट त्यातल्या वेलेन नावाच्या प्रदेशात कळते. तिथल्या ब्लडी बॅरन या पात्राच्या गोष्टीत झाडाखाली अडकलेल्या एका आत्म्याला सोडायचं की मारायचं हे तुम्ही एका मिनिटात ठरवता, आणि त्याचं फळ कित्येक तासांनी, दुसऱ्याच गावात समोर येतं. तेव्हा मागे कुठे जाणार? विचर बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्ट रेडने २०१५ मध्ये हे केलं, तरी अजून कितीतरी गेम निर्णयाचा निकाल पाचच मिनिटांत दाखवून मोकळे होतात.

डिस्को एलिसियममध्ये तलवारबाजी नाहीच, नुसतं बोलणं आणि फासे. फासा टाकून कौशल्य तपासतात त्याला चेक म्हणतात; पांढरा चेक चुकला तर ते कौशल्य वाढवून परत करता येतो, लाल चुकला की संपलं. आणि चुकल्यावरचे प्रसंग इतके सुंदर आहेत की मी एकदाही लोड केलं नाही.

भाचीसोबत मात्र मंकी आयलंड (१९९०). त्या काळातल्या सिएरा कंपनीच्या अ‍ॅडव्हेंचर गेममध्ये पाऊल चुकलं की मेलात, म्हणून सारखं सेव्ह करत बसायचं. मंकी आयलंडमध्ये मरायला जवळजवळ जागाच नाही, नायक गायब्रश पाण्याखाली दहा मिनिटं श्वास रोखतो. लाईट गेली तरी भाची शांत होती, कारण कोडं तिच्या डोक्यात सुटलेलं होतं. तलवारीपेक्षा टोमण्यांनी जिंकायची ती लढाई तर तिला अख्खी पाठ आहे.

आता परत किंगडम कम. ऑक्टोबरमध्ये नवी बॅटरी बसल्यावर हट्टाने पहिल्यापासून सुरू केला. १४०३ चं बोहेमिया, लोहाराचा पोरगा, त्याला वाचताही येत नाही, पुस्तक उघडलं तर अक्षरं उलटीसुलटी दिसतात. आधी उझित्सला जाऊन लेखनिकाकडून वाचायला शिकायचं, मग श्नॅप्सची कृती समजते: वाइन, दोन खाजकुयलीसारखी खाजरी नेटल, एक बेलाडोना ही वनस्पती, उकळायचं, खलात वाटायचं. म्हणजे सेव्ह करायचा हक्कसुद्धा कमवावा लागतो. जवळ एकच बाटली असली की मी जंगलात घुसताना थांबते, चिलखत बघते, पोटात अन्न आहे का बघते, तिघं दिसले तर सरळ पळ काढते. असं जपून मी दुसऱ्या कुठल्याच गेममध्ये वागलेले नाही. गेम बनवणाऱ्या वॉरहॉर्सने नंतरच्या पॅचमध्ये, म्हणजे सुधारणेत, सेव्ह करून बाहेर पडायची सोय दिली, ती मी रोज वापरते, पण लाईट सांगून जात नाही, तिथे तिचा उपयोग शून्य. म्हणून माझं म्हणणं एवढंच, यूपीएस नसेल तर हा गेम आत्ता घेऊ नका, त्या पैशात आधी बॅटरी घ्या आणि तिची वॉरंटी बिलावर वेगळी लिहून घ्या.

आज हेन्रीच्या पिशवीत चार बाटल्या आहेत, सगळ्या मी स्वतः केलेल्या. जुलैचा तो डाकूंचा तळ परवा सापडला, आणि आत शिरायच्या आधी एक प्यायले.