हापूसच्या बागेत दहा महिने: ४८ व्होल्टच्या बॅटरी-गाडीचा अनुभव

गाडी कसली, हे आधी सांगतो. पुढे दोघांची सीट, मागे उलटा होणारा पत्र्याचा हौदा, सीटखाली ६ व्होल्टच्या आठ लेड-ॲसिड बॅटऱ्या (२२५ अँपिअर-अवर), ४८ व्होल्टची एसी मोटर आणि ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना, ड्रमचे. रिसॉर्ट, कारखाने, कॉलेजांच्या आवारात दिसते तीच जात. इथे मात्र ती कोकणातल्या उताराच्या हापूस बागेत चालते. ऑक्टोबरात घेतली. मोहोराच्या फवारण्या, मार्च ते मे काढणी आणि आता निम्म्याहून जास्त पावसाळा, एवढं काम तिने केलं आहे. अशा गाडीला नंबरप्लेट नसते, म्हणून गेटबाहेरच्या सार्वजनिक रस्त्यावर काढायची नाही, अगदी समोरच्या कलमांत जायचं असलं तरी.

मत थोडक्यात असं: बागेतल्या ने-आणीला याहून सोयीचं वाहन नाही, पण डिझेल टेम्पो चालवलेल्या माणसाच्या हाती ती शिकवल्याशिवाय देऊ नका. टेम्पोत इंजिन सगळं कानाला सांगतं. चालू आहे की बंद, माल जास्त झालाय, चढावर दम लागलाय, उतारावर गाडी सुटतेय. इथे यातलं काही ऐकू येत नाही. या गाडीत होणाऱ्या चुकांपैकी बहुतेकांच्या मुळाशी हेच आहे, बॅटऱ्या मरतात त्यासुद्धा अशाच मुकाट्याने.

सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे चावी चालूच ठेवून खाली उतरणं. गाडी उभी असताना मोटर फिरत नाही, त्यामुळे ती बंदच आहे असं वाटतं. क्रेट उचलताना कुणाचा पाय, पुढे ठेवलेली पिशवी किंवा घरंगळलेली पाण्याची बाटली ॲक्सिलरेटरवर पडली की गाडी आवाज न करता सरळ पुढे सुटते. म्हणून उतरण्याचा क्रम ठरवून घ्या: गाडी थांबली की पार्किंग ब्रेक, मग दिशेचा खटका न्यूट्रलला, मग चावी बंद, आणि चावी काढून खिशात. ती गाडीत लटकत राहिली तर क्रम पूर्ण झाला नाही असं समजायचं. बाटली ठेवायची तर सीटच्या बाजूच्या खणात. पायाशी काहीही नको, कारण तीच बाटली ब्रेकखाली अडकली तर ब्रेक दाबलाच जात नाही.

पार्किंग ब्रेकचं पेडल नव्या गाडीत दुसऱ्या खाचेत घट्ट बसत होतं. जुलैत ते चौथ्या खाचेपर्यंत जायला लागलं. खारी हवा आणि लाल चिखल यांनी केबल गंजून जड झाली होती आणि ड्रमच्या आत घासणारे ब्रेकचे लायनरही झिजले होते. केबलच्या टोकाची रबरी टोपी फाटली की पाणी आत शिरतं, हे कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. महिन्यातून एकदा खाली वाकून या टोप्या बघा. तपासणी सोपी आहे: भरलेली गाडी थोड्या उतारावर, खाली कुणी नाही हे बघून, फक्त पार्किंग ब्रेकवर उभी करायची. इंचभर जरी सरकली तरी केबल ताणून घ्या किंवा लायनर बदला. ब्रेक उत्तम असला तरी उतारावर उभ्या गाडीच्या खालच्या बाजूच्या चाकाला लाकडी पाचर लावायची. दोन पाचरी दोरीने हौद्याला बांधून ठेवल्या म्हणजे दगड शोधत फिरावं लागत नाही.

चावी बंद असूनही गाडी उताराला लागली तर मोटर तिला धरते आणि बझर वाजतो. ही सोय चांगली आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका. ती गाडी थांबवत नाही, चालण्याच्या वेगाने खाली जाऊ देते. सीटखालचा रन-टो खटका ‘टो’वर असला किंवा बॅटरीची वायर काढलेली असली तर तेवढंही नाही, गाडी मोकळी सुटते. ढकलायची किंवा ओढून न्यायची असेल तेव्हाच ‘टो’, तेही सपाटीवर आणि सावकाश. खटका ‘रन’वर ठेवून दुसऱ्या गाडीने जोरात ओढली तर मोटर जनित्रासारखी वीज तयार करते आणि मोटरला वीज मोजून देणारा कंट्रोलर जळतो.

उतार उतरताना न्यूट्रल करून ‘चार्ज वाचवणं’ ही टेम्पोवाल्यांची सवय इथे अजिबात चालत नाही. दिशेचा खटका पुढे टाकलेला असेल तर ॲक्सिलरेटर सोडल्यावर मोटर स्वतः वेग धरते आणि थोडी वीज बॅटरीत परत जाते. न्यूट्रलमध्ये हे बंद होतं आणि सगळा भार मागच्या दोन ड्रमवर पडतो. आमच्या गाडीच्या पुस्तिकेत चढ-उताराची मर्यादा २० टक्के दिली आहे, म्हणजे सुमारे ११ अंश. मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप वाटेवर सपाट फळी ठेवून तिच्यावर लावलं की अंश कळतात. बागेतल्या दोन वाटा यात नापास झाल्या, तिथे क्रेट डोक्यावरूनच येतात. चढाच्या मध्येच गाडी अडली तर वळवायला जाऊ नका. आडव्या उतारावर ही गाडी उलटते. ब्रेक धरून सरळ मागे, आली त्याच रेषेत उतरवायची.

आता वजन. जाहिरातीत ‘क्षमता ५०० किलो’ असतं, पण बहुतेक वेळा त्यात माणसंही धरलेली असतात. हौद्याची वेगळी मर्यादा पाटीवर बारीक अक्षरात असते, आमच्या गाडीची ३५० किलो. वजनकाटा घेऊन कुणी बागेत फिरत नाही, म्हणून मोजमाप वस्तूंमध्येच करून ठेवलं आहे. वीस किलोचे आंब्याचे क्रेट एका थरात सहा बसतात. दोन थर म्हणजे बारा क्रेट, रिकाम्या क्रेटचं वजन धरून २६५ किलोच्या आसपास. तिसरा थर चढवला की ४०० किलो होतात, वर भार उंच जातो तो वेगळाच, आणि वळणावर गाडी आतलं चाक उचलायला बघते. म्हणून काढणीच्या घाईतसुद्धा दोनच थर. ओल्या मातीचं भरलेलं घमेलं साधारण २० किलोचं, तेव्हा १५ घमेली पुरे. हौदा काठोकाठ भरला तर ओली माती सहज ५०० किलोच्या वर जाते, आणि डोळ्याला मात्र ‘थोडीच तर आहे’ असं दिसतं. जांभ्याचा चिरा २५ ते ३० किलोचा, दहापेक्षा जास्त नको. ते केबिनच्या बाजूला रचायचे. फाळक्याकडे भार गेला की पुढची चाकं हलकी होतात आणि चढावर स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही.

फवारणीचा २०० लिटरचा ड्रम हा वेगळाच प्रकार आहे. भरलेला ड्रम तसा शांत असतो, अर्ध्यावर आला की आतलं पाणी वळणावर एका बाजूला धावतं आणि गाडीला हिसका बसतो. ड्रम मधोमध, रॅचेटच्या पट्ट्याने दोन्हीकडून बांधायचा आणि अर्ध्या ड्रमला भरल्या ड्रमपेक्षा हळू चालवायचं. एचटीपी पंप (जास्त दाबाने फवारणारा) आणि नळीचं बंडलही वजनात धरा. फाळक्यावर किंवा क्रेटवर कुणी बसायचं नाही. संध्याकाळी दमलेली माणसं ‘गेटापर्यंतच’ म्हणून बसतात. त्यांच्यासाठी वेगळी खेप करा, चार्ज फार जात नाही.

कंपनी सपाट रस्त्यावर ६० किलोमीटर सांगते. भरल्या मालाने चढ-उतारावर २२ ते २५ किलोमीटर धरा. त्यापुढे गाडी चालते, पण बॅटऱ्यांचं आयुष्य खर्च होत असतं. डॅशबोर्डवरच्या काड्यांवर विश्वास ठेवू नका, चढावर दोनच दिसतात आणि सपाटीला परत चार होतात. खरा आकडा गाडी काही तास उभी राहिल्यावर मल्टिमीटरवर मिळतो: पूर्ण भरलेल्या संचाला सुमारे ५०.९ व्होल्ट, निम्म्यावर ४८.४. यापेक्षा खाली रोज उतरवू नका. इतपत वापरानंतर रात्रीच्या चार्जिंगला सबमीटरवर साडेसात-आठ युनिट पडतात, आणि आठ ते दहा तास लागतात. मधेच काढायचं नाही. वीज गेली तर परत आल्यावर चार्जर खरंच पुन्हा सुरू झालाय का, हे दिवा बघून खात्री करा. सकाळी अर्धवट भरलेली गाडी कामाला काढणं हे दहा महिन्यांत सगळ्यात जास्त वेळा घडलं, आणि कारण दर वेळी हेच. वळवाच्या पावसात विजा चमकायला लागल्या की मात्र चार्जर भिंतीतूनच काढा, मग चार्ज अपुरा राहिला तरी चालेल.

चार्जरला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉवर प्लग, चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावा. एक्स्टेन्शन बोर्ड नको, तासाभरात त्याची पिन गरम होऊन प्लास्टिक वितळतं. शेडला वरच्या बाजूला झरोके हवेत. चार्जिंगच्या शेवटी या बॅटऱ्यांमधून हायड्रोजन निघतो, तो हवेपेक्षा हलका असल्याने छपराखाली साठतो आणि हवेत ४ टक्के झाला की ठिणगीने पेट घेतो. म्हणून तिथे बिडी नाही, ग्राइंडर नाही. दसऱ्याला गाडीची पूजा जरूर करा, पण ती शेडबाहेर आणून, चार्जिंग संपून काही तास झाल्यावर. सीट उघडी ठेवून बॅटऱ्यांना हळदकुंकू वाहायचं आणि शेजारी कापूर-उदबत्ती लावायची, हे करू नका.

बॅटरीत पाणी घालणं हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. २४ झाकणं (एका बॅटरीत तीन सेल, सेलला एक झाकण) उघडायची, टॉर्चच्या उजेडात आत बघायचं (काडी पेटवून कधीच नाही). प्लेटा पाण्याखाली असायलाच हव्यात आणि पातळी झाकणाच्या नळीच्या खालच्या कडेपेक्षा ३ मिलिमीटर कमी. पाणी डिस्टिल्ड, आणि चार्जिंग झाल्यावर घालायचं. आधी काठोकाठ भरलं तर चार्ज होताना द्रव फुगून वर येतो, ॲसिड बाहेर सांडतं, खालचा ट्रे कुजतो. चार्जिंगआधी प्लेटा उघड्या दिसल्याच तर त्या बुडतील एवढंच घाला. ॲसिड पुन्हा कधीच घालायचं नाही, पाणीच कमी झालेलं असतं. थंडीत महिन्यातून एकदा पुरलं. एप्रिल-मेमध्ये दर पंधरा दिवसांनी २४ सेलना मिळून लिटर-दीड लिटर लागलं.

हायड्रोमीटर (बॅटरीतल्या द्रवाची घनता मोजणारी नळी) घ्या, तो नसेल तर बॅटरीबद्दलचं बाकी सगळं अंदाजपंचे आहे. नळीने द्रव दोन-तीनदा आत-बाहेर करून मग वाचायचं, तरंगणारा काटा भिंतीला चिकटलेला नको. पूर्ण चार्जला १.२७५ च्या आसपास यायला हवं. हा आकडा २७ अंशांसाठी आहे, मे महिन्यात द्रव ४० अंशांवर असेल तर वाचलेल्या आकड्यात ०.००९ मिळवा. एकेका सेलचा आकडा वहीत लिहा. सेलमधला फरक ०.०३० च्या वर गेला तर चार्जरवरचं इक्वलायझेशन (सगळे सेल सारखे व्हावेत म्हणून मुद्दाम जास्त चार्ज करणं) चालवा. त्यानंतरही एकच सेल मागे राहिला तर ती बॅटरी जाणार, आणि तिच्यापायी उरलेल्या सात थकणार. एप्रिलमध्ये पाचव्या बॅटरीतला एक सेल १.२१० वर सापडला, गाडीच्या चालण्यात तेव्हा काहीही जाणवत नव्हतं. वॉरंटीत बॅटरी बदलून मिळाली ती या वहीमुळे.

सीटखाली हात घालण्याआधी अंगठी, कडं, घड्याळ काढा. ४८ व्होल्टने शॉक सहसा बसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण पाना दोन टर्मिनलना एकदम टेकला तर हजारो अँपिअर वाहतात आणि पाना लाल होतो. १० नंबरचा असो की १३ नंबरचा, त्या पान्याला टोक सोडून इन्सुलेशन टेप गुंडाळा. वायर काढण्याआधी चावी बंद, खटका ‘टो’वर. चष्मा आणि रबरी हातमोजे घाला, शेजारी स्वच्छ पाण्याची बादली ठेवा. ॲसिड डोळ्यात गेलं तर निदान पंधरा मिनिटं पाणी मारायचं आणि मग दवाखाना. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी दिसली की लिटरभर पाण्यात दोन-तीन मोठे चमचे खाण्याचा सोडा घालून ब्रशने धुवा, झाकणं घट्ट लावून. सोडा सेलमध्ये गेला तर ॲसिड मारतो. नंतर कोरडं करून पेट्रोलियम जेली. समुद्राच्या हवेत हे महिन्याला करावं लागतं.

पावसाळ्यात वेग निम्मा करा. जांभ्यावर शेवाळ धरलं की ड्रम ब्रेकने चाकं अडतात आणि गाडी घसरतच राहते, त्यामुळे उताराच्या आधीच वेग कमी हवा. साचलेल्या पाण्यातून गेलं की सपाटीला थोडा वेळ ब्रेक हलका दाबून चालवा, लायनर सुकतात. चिखल धुवायला प्रेशर पंप मारू नका, कंट्रोलरच्या जोडांत पाणी शिरतं. काम नसलं तरी पंधरा दिवसांनी पूर्ण चार्ज करा, कारण रिकामी पडलेली बॅटरी प्लेटांवर सल्फेटचा थर धरते आणि मग भरतच नाही. आणि सीट उघडून उंदीर बघा. ॲक्सिलरेटरची वायर कुरतडलेली मिळाली होती, गाडी नुसती ‘खट्’ वाजून जागची हलत नव्हती.

‘खट्’ वाजतं म्हणजे सोलेनॉइडपर्यंत (बॅटरीची वीज पुढे सोडणाऱ्या मुख्य स्विचपर्यंत) सगळं ठीक आहे, पुढे वायर, जोड, कंट्रोलर बघा. ‘खट्’च येत नसेल तर आधी चार्जरचा प्लग गाडीत राहिलाय का ते पाहा, मग पेडलखालचा मायक्रोस्विच.

संच बदलायची वेळ येईल तेव्हा आठही एकदम, एकाच बॅचच्या घ्या. जुन्यांत एखादी नवी मिसळायची तर ती पहिल्या वर्षातच. जुन्या बॅटऱ्या भंगारवाल्याला न देता त्याच विक्रेत्याला वजनावर परत द्या. नव्या संचाच्या किमतीतून शिशाचे चांगले पैसे वजा होतात, आणि ॲसिड कुणाच्या ओढ्यात जात नाही.