एकटीने आई व्हायचंय: दत्तक की डोनर?

माझी मुलगी दत्तक आहे. मावसबहिणीचा मुलगा डोनरच्या, म्हणजे वीर्यदात्याच्या मदतीने झालाय. आम्हा दोघींचीही लग्नं झालेली नाहीत. मी देवगडकडची, ती मालवणची. दोन्ही वाटा जवळून बघितल्यात, म्हणून 'कुठली धरू?' असं कोणी विचारलं की मी आधी वय विचारते.

दत्तकात वयाचा हिशोब नियमातच आहे. एकट्या बाईला दोन वर्षांपर्यंतचं बाळ हवं असेल तर ४० पर्यंतच. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ४५, चार ते आठसाठी ५०. मुलगा, मुलगी दोन्ही घेता येतात. नोंदणी 'कारा'च्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या पोर्टलवर होते आणि मग वाट बघणं, तेही वर्षानुवर्षं. डोनरच्या वाटेसाठी कृत्रिम गर्भधारणेच्या २०२१ च्या कायद्याने बाईचं वय २१ ते ५० दिलंय, पण तो ५० चा आकडा वाचून निवांत बसू नका. पस्तिशीनंतर स्त्रीबीजं झपाट्याने कमी होतात. सरोगसी तर अविवाहित बाईला मिळतच नाही. तिथे विधवा किंवा घटस्फोटित असावं लागतं.

तुम्ही अडतीस-एकोणचाळीसच्या असाल तर माझं मत स्पष्ट आहे: दत्तकाची नोंदणी आजच करा. नाव रांगेत असताना डॉक्टरांकडेही जाता येतं.

पैशांत दत्तक स्वस्त, शुल्क सरकारने ठरवलेलं. आयव्हीएफच्या, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करण्याच्या एकेका प्रयत्नाला लाखाच्या वर जातात, आणि पहिलाच लागू पडेल असं नाही.

खरा फरक अंगावर येतो तो आपल्याकडच्या पावसात. बहिणीचे उपचार कोल्हापूरला होते. दहा-बारा दिवस रोज पोटात इंजेक्शन, मधे सोनोग्राफीच्या फेऱ्या, त्यासाठी पहाटे फोंडा घाट चढायचा. इंजेक्शनं थंड ठेवावी लागत आणि आषाढात वाडीतली लाईट दोन-दोन दिवस गायब. बंदरावरून आणलेला बर्फ स्टीलच्या डब्यात भरून, त्यावर टॉवेल गुंडाळून तिने ती सांभाळली. तुमचे उपचार व्हायचे असतील तर ते पावसाळा संपल्यावर सुरू करा.

दत्तकात शरीराला काही सोसावं लागत नाही, पण घर उघडून दाखवावं लागतं. समाजसेविका येते, पगार, तब्येत, नातेवाईक, सगळं विचारते. मूल आल्यावरही दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी भेट असते.

वाडीतली बोलणी दोघींनाही चुकली नाहीत. तिचं पोट दिसलं तेव्हा 'कोणाचा?' आणि मी बाळ आणलं तेव्हाही 'कोणाचा?' गणपतीत चाकरमानी आले की पुन्हा तेच. मुलाला मात्र लहानपणापासून खरं सांगा, दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळण्याआधी. इथे एक फरक मला महत्त्वाचा वाटतो: दत्तक मुलाला मोठेपणी आपलं मूळ शोधायची सोय नियमात आहे, डोनरची ओळख गुप्तच राहते.

कागदांना घाबरू नका. अविवाहित आई वडिलांचं नाव न सांगता एकटी पालक होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच मान्य केलं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदांवर महाराष्ट्रात आईचं नाव सक्तीचं आहे. घर-बागेच्या वारशात दत्तक आणि पोटचं असा भेद कायदा करत नाही. भाऊबंद करतील. सातबारा सामायिक असेल तर आपल्या हिश्शाचं मृत्युपत्र करा, आणि आपल्यामागे मुलाला कोण सांभाळील तेही त्यात लिहा.

समाजसेविकेने मला विचारलं होतं, "रात्री दोनला बाळाला ताप भरला आणि तुम्हीच आजारी असलात, तर कोण येईल?" डोनरवाल्यांना हे कोणी विचारत नाही, त्यांनी ते स्वतःला विचारावं. मी खळ्यापलीकडच्या काकींचं नाव दिलं. ते द्यायला मला आठ दिवस लागले, कारण आधी काकींना विचारायचं होतं.