व्हॅन डाइकचे चेहरे की रुबेन्सचे क्रूस? पहिलं जुनं एनग्रेव्हिंग घेताना

जुनी फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमकडची, एनग्रेव्हिंग्ज (धातूवर कोरून कागदावर छापलेली चित्रं) जमवायची हौस लागली की दोन वाटा समोर येतात. एक चित्रकार व्हॅन डाइकच्या व्यक्तिचित्रांची, दुसरी चित्रकार रुबेन्सच्या धर्मचित्रांवरून केलेल्या एनग्रेव्हिंग्जची. दोन्ही १७व्या शतकातल्या अँटवर्पची, दोन्ही तांब्याच्या प्लेटवरून छापलेली, आणि कोरणारे हातही बऱ्याचदा तेच. तरीही खरेदीचं गणित अगदी निराळं. माझा कौल आधीच देऊन टाकतो: जीव रुबेन्सवर जडला असला तरी पहिले पैसे व्यक्तिचित्रात घालावेत.

व्हॅन डाइकने १६३०च्या दशकात आपल्या काळातल्या नामवंतांच्या चेहऱ्यांची एक मालिका हाती घेतली. तिला ‘आयकॉनोग्राफी’ म्हणतात. काही प्लेट त्याने स्वतः अॅसिडने कोरल्या. बाकीच्यांसाठी त्याने नमुना-चित्रं करून दिली आणि पाँटियस, फोर्स्टरमन यांच्यासारख्या कसलेल्या कोरणाऱ्यांनी ती तांब्यावर उतरवली. मार्टेन व्हॅन डेन एंडेन या प्रकाशकाने त्यातली ८० चित्रं काढली: १६ राजे आणि सेनापती, १२ मुत्सद्दी आणि विद्वान, आणि तब्बल ५२ कलावंत व कलारसिक. राजेरजवाड्यांच्या पंगतीत एवढे चित्रकार बसवणं, ही मला या मालिकेतली सर्वांत गोड आगाऊपणाची गोष्ट वाटते. १६४१मध्ये व्हॅन डाइक गेला आणि १६४५मध्ये गिलिस हेंड्रिक्सने १०० चित्रांची आवृत्ती काढली.

नवख्याच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की ही मालिका अभ्यासकांनी पुरती पिंजून काढली आहे. कोणत्या प्लेटमध्ये कधी काय बदल झाला, याच्या नोंदी आहेत. ब्रिटिश म्युझियम आणि अॅमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम यांच्या संकेतस्थळांवर प्रतींची छायाचित्रं फुकट पाहायला मिळतात. म्हणजे विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून राहायला नको, घरबसल्या ताडून बघता येतं.

झोल मात्र इथेही आहे. या प्लेट मोडीत निघाल्याच नाहीत. एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे जात त्या १८व्या शतकातही छापल्या जात होत्या, आणि शेवटी १९व्या शतकात पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाच्या ताब्यात गेल्या. त्यामुळे ‘१७व्या शतकातलं एनग्रेव्हिंग’ असं विक्रेता लिहितो तेव्हा तो प्लेटबद्दल खरं बोलत असतो, कागदाबद्दल काहीच बोलत नसतो.

मग बघायचं काय? भिंग घ्या आणि चित्राखालच्या अक्षरांच्या पट्टीवर जा. सुरुवातीच्या प्रतींवर व्हॅन डेन एंडेनचं नाव सापडतं. हेंड्रिक्सकडे प्लेट आल्यावर त्या जागी ‘जी. एच.’ ही आद्याक्षरं आली, आणि पुढे तीही घासून काढली गेली. पण तांबं सगळं विसरत नाही. कागद उजेडात तिरपा धरला की कधी कधी त्या जागी अक्षरांची पुसट सावली दिसते. ती दिसली तर प्रत नक्की उशिराची. नंतर गालाकडे बघा. प्लेट झिजते तेव्हा आधी गालावरच्या, कानशिलावरच्या बारीक रेषा जातात आणि चेहरा पिठासारखा सपाट होतो. काळा झगा काळा न राहता करडा पडतो. कागद गुळगुळीत, म्हणजे कागद बनवताना साच्याच्या तारांच्या जाळीने उमटणाऱ्या रेषांविना असेल, तर तो १७५०च्या आधीचा नव्हे. रेषा आहेत म्हणून मात्र प्रत जुनीच, असंही नाही.

आता रुबेन्स. या माणसाने छपाईला धंद्याच्या नजरेने पाहिलं. १६१९-२०च्या सुमारास त्याने फ्रान्स, दक्षिण नेदरलँड्स आणि डच प्रजासत्ताक अशा तिन्हीकडून आपल्या चित्रांच्या छपाईचे हक्क मिळवले. अँटवर्प कॅथेड्रलमधल्या त्याच्या ‘क्रूसावरून उतरवताना’ या चित्रावरून लुकास फोर्स्टरमनने १६२०मध्ये केलेलं एनग्रेव्हिंग बघावं. रंगाचा ठिपका नसताना रेशमाची चमक आणि मृत देहाची शिथिलता फक्त रेषेच्या जाड-बारीकपणातून येते. पुढे दोघांचं इतकं फाटलं की १६२२मध्ये रुबेन्सच्या मित्रांनी त्याच्या जिवाला संरक्षण मागितलं. मग पाँटियस आणि स्केल्टे बोल्सवर्ट यांनी ते काम पुढे नेलं. नंतर हाच फोर्स्टरमन व्हॅन डाइकसाठी कोरताना दिसतो आणि ‘आयकॉनोग्राफी’त त्याचा स्वतःचा चेहराही आहे.

सौंदर्यात ही बाजू वरचढ, यात वाद नाही. अडचण आहे ती कागदाची. दीड-दोन फुटांचे हे ताव घड्या घालून ठेवले गेले, भिंतीला डकवले गेले, कडा कापून वहीत बसवले गेले. शिवाय गाजलेल्या चित्रांच्या नकला इतरांनीही कोरल्या, बऱ्याचदा उलट दिशेने, आणि खाली ‘रुबेन्स पिंक्सिट’ त्यांच्यावरही असतं. त्याचा अर्थ मूळ चित्र रुबेन्सचं, एवढाच. प्रसंग इतका नाट्यमय की नवखा माणूस चित्र बघतो, कागद बघतच नाही.

एक तिसरी वाटही आहे: अँटवर्पच्याच व्हीरिक्स या कोरणाऱ्या भावांची छोटी, भक्तीची एनग्रेव्हिंग्ज. त्यांच्या कामाचा मोठा वाटा असलेला, येशूच्या चरित्राच्या १५३ चित्रांचा संच १५९३मध्ये अँटवर्पला निघाला. गोव्याशी नातं असलेल्यांना ही जास्त जवळची वाटतील. गोव्याहून निघून १५८०मध्ये अकबराकडे पोहोचलेल्या जेझुइट पंथाच्या ख्रिस्ती धर्मगुरूंनी अँटवर्पच्या प्लांटिनने छापलेलं बहुभाषी बायबल नेलं होतं, आणि अशा एनग्रेव्हिंग्जवरून मुघल चितारींनी चित्रं केली. आकार लहान असल्याने सांभाळायलाही सोपी.

सांभाळण्याचा मुद्दा मुंबई-कोकणात किरकोळ नाही. व्यक्तिचित्र साधारण २४ बाय १७ सेंटीमीटरचं, अॅसिड-फ्री फोल्डरमध्ये घालून कोरड्या कपाटात ठेवता येतं. रुबेन्सचा ताव फ्रेमच मागतो. गल्लीतला फ्रेमवाला तो पुठ्ठ्यावर चिकटवू म्हणाला तर उठून यावं. कागद मागून मोकळा हवा, बिजागरीसारखी जपानी कागदाची पट्टी पुरते. आणि परदेशात राहणाऱ्या भावंडांना पुढे द्यायचा विचार असेल, तर १९७२चा पुरावस्तू कायदा आधी वाचा. शंभर वर्षांवरच्या कलावस्तू देशाबाहेर नेणं सोपं नाही.

तरीही रुबेन्सच हवा असेल, तर कडा कापलेल्या फोर्स्टरमनपेक्षा पूर्ण कडांचा बोल्सवर्ट घ्या. व्यक्तिचित्रात प्रसिद्ध चित्रकाराच्या झिजलेल्या प्रतीपेक्षा एखाद्या अनोळखी विद्वानाची ठसठशीत काळी प्रत घ्या. किंमत बहुधा कमीच पडेल. पैसे देण्याआधी मागच्या बाजूचा आणि उजेडासमोर धरलेला, असे दोन फोटो मागवा. टाळाटाळ झाली तर दुसरा विक्रेता बघा.