स्मार्ट बाक घेताना: सौर की विजेच्या जोडणीचं?

उद्यानासाठी किंवा बसथांब्यासाठी स्मार्ट बाक निवडायला बसलं की माहितीपत्रकातली यादी भुरळ घालते: मोबाइल चार्जिंग, वाय-फाय, रात्रीचे दिवे, हवा मोजणारा सेन्सर. माझं आग्रहाचं सांगणं आहे, की यादी मिटवा आणि भर दुपारी जागेवर जाऊन लोक कुठे बसतात ते बघा. लोक सावली शोधतात, सौर पॅनेलला ऊन लागतं. निम्मा निकाल तिथेच लागतो.

सौर बाकाची जमेची बाजू म्हणजे केबलसाठी खोदकाम नाही, वीजजोडणीची खटपट नाही आणि जागा चुकली तर ते हलवता येतं. सर्बियातल्या ओब्रेनोवाकमध्ये २०१० साली सार्वजनिक सौर चार्जर उभा राहिला, तोही याच सोयीवर. पण विजेचा हिशेब कागदावर मांडून बघा. १०० वॅटचं पॅनेल चांगल्या उन्हाच्या दिवशी घट वजा जाता साधारण ३०० ते ४०० वॅट-तास वीज देतं. एक फोन पूर्ण भरायला २० ते २५ वॅट-तास लागतात, म्हणजे दिवसाला डझनभर फोन. आता त्यावर १० वॅटचा वाय-फाय राउटर चोवीस तास चालवा: २४० वॅट-तास त्यानेच खाल्ले! म्हणून सौर बाक घेणार असाल, तर वाय-फाय सोडा. पॅनेल बैठकीतच बसवलेलं असेल तर तेही नको; माणूस बसला की पॅनेल झाकलं जातं, आणि काही सेल जरी सावलीत गेले तरी वीज बरीच घटते. डोक्यावर छत आणि छतावर पॅनेल, ही रचना मला खरी शहाणपणाची वाटते. बसणाऱ्यालाही सावली मिळते.

जोडणीचं बाक झाडाखालीही चालतं, पावसाळ्यातही चालतं आणि लॅपटॉपला पुरेल इतकी वीज देऊ शकतं. जाहिरातीचा उजळ पडदा हवाच असेल, तर दुसरा पर्याय नाही. मात्र अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर यांत काटकसर करू नका. बाकापर्यंत कमी दाबाचीच, म्हणजे कमी व्होल्टची वीज आणा.

सौर बाकात वीज साठवणारी बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची मागा. ती हजारो वेळा चार्ज होते, लेड-ॲसिड काही शे वेळांतच थकते.

दोन्ही प्रकारांत आधी दगा देतो तो यूएसबी पोर्ट. धूळ बसते, पाणी शिरतं, कुणीतरी काडी खुपसतं. वायरलेस चार्जिंगला भोकच नसतं, पण ते हळू चालतं आणि उन्हात फोन तापला की थांबतं. पोर्टमधून फक्त वीज जावी, डेटाच्या तारा जोडलेल्या नसाव्यात, हे करारात लिहून घ्या.

पाठ आणि हात असलेलं साधं बाक हाही पर्यायच आहे. गुडघे दुखणारी आजी उठताना हातावर भार देते. चकचकीत सपाट ठोकळ्यावर तिला आधार कुठला? दुरुस्तीला माणूस नेमलेला नसेल, तर मी बिनदिक्कत हेच घेईन.

सावली आणि जवळ विजेचा खांब असेल तर जोडणीचं. मोकळं मैदान असेल तर छताचं सौर. ऑर्डर देण्याआधी नमुना बाक मागवा आणि पोर्टची पट्टी चार स्क्रू काढून बदलता येते का, हे स्वतः स्क्रूड्रायव्हर लावून बघा.