झुरळांची जेल: माघ ते आषाढ, पाच महिन्यांचा हिशेब

आधी निकाल सांगते, मग रामायण.

फेब्रुवारीच्या शेवटी झुरळांसाठी जेल आणली. त्यातलं कीटकनाशक इमिडाक्लोप्रिड, २.१५ टक्के, इंजेक्शनच्या सिरिंजसारखी नळी. आता जुलै चालू आहे. नळीत पाव भाग शिल्लक आहे आणि सिंकखालच्या चिकट सापळ्यात गेले तीन आठवडे एकही बारीक झुरळ सापडलेलं नाही. मात्र पहिला महिना मी ती जेल निव्वळ वाया घालवली.

आमचं घर पुण्यात कर्वेनगरात, इमारत नव्वदच्या दशकातली, तिसरा मजला, स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडते. माघ संपला, पंखे पाचवर आले, की ट्रॉल्यांच्या बिजागऱ्यांना मिशा फुटतात. ऊब वाढली की झुरळांची वाढ झपाट्याने होते. स्वयंपाकघरातल्या बारीक झुरळाची मादी अंड्यांची डबी पोटाच्या टोकाला चिकटवूनच हिंडते आणि एका डबीत तीस-चाळीस अंडी असतात. पाडव्याला दोन दिसली आणि आपण काणाडोळा केला, तर वटपौर्णिमेपर्यंत स्वयंपाकघर त्यांच्या नावावर झालेलं असतं.

जेलच्या आधी दोन वर्षं एका पेस्ट कंट्रोलवाल्यांचं वार्षिक कंत्राट होतं. आदल्या रात्री ट्रॉल्या रिकाम्या करायच्या, सगळी भांडी हॉलमध्ये जुन्या चादरीवर मांडायची, माणूस वीस मिनिटांत फवारून जायचा आणि पुढचे दोन दिवस पोळीलाही तो वास. पंधरा दिवस शांतता, मग मंडळी पुन्हा हजर. कारण फवाऱ्याने काही मरतात आणि उरलेली पळतात. आमच्याकडची डक्टमधून वर जायची, वरच्यांनी फवारलं की खाली यायची. दोन वर्षं मी आणि वरच्या काकू एकमेकींना झुरळं पाठवत होतो, असं आता माझं ठाम मत झालंय.

आता माझी चूक. पाकिटावर ठिपके द्या असं स्वच्छ लिहिलं होतं. मी दिल्या रेघा, केकवर आयसिंग करावं तशा, आणि त्याही जिथे झुरळं फिरताना दिसायची तिथे. वर मनाच्या समाधानासाठी रात्री स्प्रे मारला. जेल म्हणजे आमिष. ती झुरळाने आपणहून खायला हवी, आणि स्प्रे मारलेल्या जागेकडे ते फिरकतच नाही. म्हणजे मी पंगत मांडली आणि दारात लाठी घेऊन उभी राहिले. उरलंसुरलं आमच्या कामाच्या मावशींनी पूर्ण केलं. चौथ्या दिवशी अभिमानाने म्हणाल्या, "ताई, बिजागऱ्यांना कसली तपकिरी घाण लागली होती, साबणाच्या पाण्यानं सगळी काढली बघा." त्यांना काय बोलणार, मीच सांगितलं नव्हतं.

पाडव्याची आवराआवर झाल्यावर नव्याने सुरुवात केली. मसुराच्या दाण्याएवढा ठिपका. प्रत्येक बिजागरीत एक, ट्रॉलीच्या चॅनेलच्या मागच्या टोकाला, सिंकचा पाइप भिंतीत शिरतो त्या भोकाशी, फ्रिजच्या मागे कॉम्प्रेसरजवळ, मिक्सरच्या बुडाखाली. (मिक्सर एकदा उलटा करून बघा. जेवणाआधी नको.) एकूण चाळीसेक ठिपके झाले. स्प्रे कपाटात बंद केला आणि सिंकखाली चिकट सापळा ठेवला, फक्त मोजण्यासाठी. आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहीत गेले: पहिल्या रात्री २३, आठवड्याने ९, दोन आठवड्यांनी ४. मग चौथ्या आठवड्यात एकदम ११, सगळी तिळाएवढी पिल्लं.

इथेच बरेच लोक "जेल फेल" म्हणून सोडून देत असावेत. मीही त्याच बेतात होते. पण डबीतल्या अंड्यांना जेल काहीच करत नाही, ती वेळ झाली की फुटणारच. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी दुसरा हात द्यावा लागतो. मी तो उशिरा दिला. जुने वाळलेले ठिपके खरवडून नवे दिले आणि मेच्या मध्यावर सापळ्यात एखाददुसरंच दिसू लागलं.

याच सुमारास सिंकखालचा गळका पाइपही दुरुस्त झाला. थेंब-थेंब गळायचा, खाली आम्ही बादली ठेवली होती. झुरळ खाण्यावाचून महिनाभर काढतं, पाण्यावाचून त्याचं फार दिवस निभत नाही, आणि आम्ही तर त्यांच्यासाठी पाणपोईच घातली होती. प्लंबरने दहा मिनिटांत वॉशर बदलला. त्या संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "अगं, जेलचं कौतुक चाललंय तुझं, तो पाइप मी दोन वर्षं सांगतेय." खरं आहे. कुणाला किती श्रेय द्यायचं हे मला सांगता येणार नाही, पण रात्री सिंक फडक्याने कोरडं पुसून झोपायची सवय मी तेव्हापासून मोडलेली नाही.

बाथरूममध्ये येणारं मोठं, तांबूस, वेळप्रसंगी उडणारं झुरळ हा वेगळा प्राणी. ते ड्रेनेजच्या चेंबरमधून वर येतं, ट्रॉलीत संसार थाटत नाही, त्याच्यासाठी जेलवर पैसे घालू नका. मेमध्ये आठ दिवस गावाला जाऊन आलो तर बाथरूममध्ये चार. नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या भांड्यातलं, पाणी उन्हाळ्याने आटलं होतं, आणि ते पाणी म्हणजेच त्यांच्यासाठीचं बंद दार. आता बाहेरगावी जाताना प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतून वर जाळी बसवते.

आणखी एक वाट मला या वर्षी कळली: आंब्याची पेटी. मार्केट यार्डातून आणलेली पुठ्ठ्याची पेटी आम्ही आढीसाठी ओट्याखाली सरकवायचो. पुठ्ठ्याच्या पन्हाळीत झुरळं आरामात राहतात, अंड्यांच्या डब्याही येतात. आता आंबे दारातच काढून टोपलीत आणि पेटी तशीच खाली. चिलटं येतात ती येतातच, त्यावर उपाय एकच, पिकलेला आंबा लवकर खाणे.

मुंग्यांबाबत जेलकडून काही अपेक्षा ठेवू नका. गुढीच्या साखरेच्या गाठी संध्याकाळी खुंटीवर राहिल्या आणि सकाळी दारापासून लाल रांग. साबणाच्या पाण्याने रांग पुसली, भिंतीतली फट पांढऱ्या सिमेंटने बुजवली, संपलं.

गहू एप्रिलमध्ये भरतो. तिथे कुठलंच औषध नाही. कडकडीत ऊन, मग एरंडेलाचा हात आणि कोठीत वाळलेला कडुनिंबाचा पाला. सोंडकिड्यासाठी कुणी धान्यात ठेवायच्या विषारी वायूच्या गोळ्या सुचवल्या तर घरात अजिबात आणू नका. ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी हवेतल्या ओलाव्याने फॉस्फिन सोडते आणि बंद घरात त्याने माणसं मेली आहेत.

डासांबद्दल इथे लिहीत नाही. मुठा नदीत जलपर्णी साचते तोवर नळीतल्या औषधाने काय होणार. खिडक्यांना जाळ्या लावल्या आहेत.

भिंतीत खोचायचं अल्ट्रासॉनिक यंत्रही एका ऑनलाइन सेलमध्ये घेतलं होतं. आठवड्याने त्याच्याच निळ्या दिव्यावर झुरळ बसलेलं पाहिलं. ते आता बेसनाच्या डब्याशेजारी निवृत्त आहे.

जेल घेताना पाकिटावरचा चौकोन पाहा. कीटकनाशकांवर टोकावर उभा चौकोन असतो, त्याचा खालचा त्रिकोणी अर्धा भाग रंगीत. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. लहान मूल ओट्याखाली रांगत असेल तर ठिपका चॅनेलच्या आत, बोट पोचणार नाही तिथेच द्या, आणि हात साबणाने धुवा. बाल्कनीत तुळशीपाशी किंवा फुलझाडांजवळ तर अजिबात नको. हे औषध मधमाश्यांना फार घातक असतं आणि आमच्या तुळशीच्या मंजिऱ्यांवर रोज सकाळी माश्या येतात.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो टोपणासाठी. ते नीट बसत नाही, तोंडाशी जेल वाळते आणि दर वेळी सुईने टोचून मोकळं करावं लागतं.

सासूबाईंचा अजूनही कणकेच्या गोळ्यांवर विश्वास आहे. कणीक, साखर, थोडं दूध आणि बोरिक पावडर, पूर्वी कॅरमवर टाकायचो तीच. त्याही चालतात, फक्त वाळून खडा झाल्या की झुरळ तोंड लावत नाही, म्हणून पंधरवड्याला बदलाव्या लागतात. डाळीच्या डब्यांमागे त्यांनी आषाढीच्या आदल्या दिवशी सहा नव्या गोळ्या ठेवल्या. मी काढलेल्या नाहीत.